बाबांच्या वेपमधला कापूस

बाबा,
वेप जळका लागतो म्हणून त्याला शिव्या देऊ नका. कॉइलच्या तारेत तुम्ही कापूस गादी भरल्यासारखा ठासलाय, मग लिक्विड आत झिरपणार कुठून? मी नवी तार गुंडाळून कापूस सैल घातलाय. लिक्विड भरल्यावर मगातला चहा संपेपर्यंत थांबा, मगच ओढा. तुम्हाला मेलं कशाचाच धीर नाही!

मी कारखान्यात जायला निघालेय. पेज झाकून ठेवलीय. पुन्हा जळकं लागलं तर सिगारेटकडे पळू नका, मला फोन करा. सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे.

तांदळाच्या डब्यातलं सिगारेटचं पाकीट मी पाहिलंय. आईला बोलले नाही. पण आज भात तीच लावणार आहे, ती बाजारातून यायच्या आत काय ते उरका.

— श्वेयिंग