अंगारकीचा चंद्र आणि बाबलीचा मोबाइल

मांद्रे, गुरुवार, सकाळ

ती. प्रभावतीअक्कास,

कृष्णनाथाचा साष्टांग नमस्कार. मयेची मंडळी खुशाल असतील आणि तुझे गुडघे तुझ्या ताब्यात असतील, असे धरून चालतो. मला सध्या स्वर्ग दोन बोटे उरला आहे!

गेली छत्तीस वर्षे संकष्टीला आमच्या देवळात मी ‘चंद्र आला’ म्हटल्याशिवाय कोणी अर्घ्य देत नाही की उपास सोडत नाही, हे तू जाणतेसच. (साधन एकच, उघडा डोळा. अगस्तीचा उदयसुद्धा मी असाच सांगत आलो आणि कधी चुकलो नाही.) पण यंदा देवस्थान समितीच्या मनात आले की हा मान बाबलीच्या मोबाइलला द्यावा. बाबली आमचा शेजारी, पिकअपवाला. माणूस चांगला, पण आकाशाकडे बघतो ते फक्त ताडपत्री बांधताना. परवाच्या अंगारकीला दोघांची परीक्षा ठरली.

मोबाइल म्हणाला नऊ वाजून दोन मिनिटे. मी म्हटले नऊ दहा, कारण मोबाइलला आमचा पूर्वेचा डोंगर ठाऊक नाही. हात ताठ धरला की तो एक बोट उंच भरतो, आणि बोटभर चढायला चंद्राला आठ मिनिटे लागतात. (हे बसवण्यात माझी निम्मी हयात गेली.) पण भुकेल्या माणसांना हिशेब कुठला पटायला? नऊ-दोनला बाबली ओरडला, “इलो रे, इलो!” सगळ्यांनी डोंगरावरच्या उजेडाला अर्घ्य दिले. त्याच्या बायकोने, सुविधाने, तर अख्खा मोदक तोंडात टाकला. अक्का, तो तुयेच्या कारखान्याचा दिवा होता! गोकुळदास भटजी घड्याळ धरून मिनिटे मोजत होते. त्यांनी “दहा” म्हणताच मी बोट दाखवले, “आता!” आणि दिव्याच्या डावीकडून चंद्र वर आला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सर्वांनी पुन्हा अर्घ्य दिले, बाबली पाया पडला, मान माझ्याकडे तहहयात राहिला. सुविधा मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मयेच्या तळ्यावर येणाऱ्या पर्यटकांना माझा पत्ता द्यायला हरकत नाही.

तुझा विजयी भाऊ,
कृष्णनाथ

ता. क. : तुझा प्रज्योत डिचोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे ना? पुढच्या संकष्टीआधी माझा नंबर लावायला सांग. मोतीबिंदू आहे. म्हापशाला दाखवले असते, पण बाबलीची पिकअप रोज तिथेच उभी असते.

ता. क. २ : कोणता डोळा म्हणून विचारील, तर दोन्ही सांग. परवा मला दोन चंद्र दिसले. खरा कुठला ते कळेना, म्हणून मी मधोमध बोट दाखवले.