घड्याळजींच्या लेकीची बस

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? ओळखूनही उघडलंस, म्हणजे माझा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करायची, या विचारातच दोन कागद फुकट गेले. आता नमनाला घडाभर तेल नको, म्हणून सरळ सांगते. आपली घड्याळजींची लेक अजून आहे. तीच गं, शाळेच्या जाड वहीत एक प्रकरण तू आणि एक मी असं करत आपण वाढवलेली, बापाच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारी. लोक जमिनीवरून भांडतात, नवऱ्यावरून भांडतात. आपण जगात नसलेल्या एका मुलीवरून भांडलो आणि बोलणं सोडलं. तर ती मुलगी गेले आठ महिने रोज सकाळी माझ्याकडे येते आहे. तिच्यापायी मला तुझ्याकडे एक गोष्ट कबूल करायची आहे आणि एक मागायची आहे. दोन्ही शेवटी सांगेन, आधी सांगितलं तर तू पत्र मिटून ठेवशील. तुला ओळखते मी. पत्ता तुझ्या दादाने दिला, आमच्याकडे पडदे धुवायला टाकायला आला होता तेव्हा.

माझं म्हणशील तर मी आहे तिथेच आहे. तू मला खुंटी म्हणायचीस ते काही उगाच नाही. नवऱ्याची आणि माझी लाँड्री आहे. चार मशीनं, एक लांब टेबल, इस्त्रीचा कोपरा त्याचा आणि धुणं माझं. माणूस चांगला आहे, कमी बोलतो आणि कॉलरला इस्त्री अशी करतो की बघत राहावं. मागच्या वर्षी माझा मोबाइल लॉजच्या चादरींबरोबर एक नंबरच्या मशीनमध्ये गेला. काचेतून तो मला गरगर फिरताना दिसत होता, पण एकदा दार लागलं की बेचाळीस मिनिटं ते ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उघडत नाही. मी रडायच्या बेतात आणि नवरा पोट धरून हसतोय. मोबाइल निघाला स्वच्छ, पण मेलेला. नवा यायला दहा दिवस लागले, आणि बेचाळीस मिनिटं किती लांबलचक असतात ते मला तेव्हा कळलं. एका सकाळी हाताला चाळा म्हणून कपड्यांना लावायच्या चिठ्ठीच्या मागे मी लिहिलं, 'घड्याळजींच्या लेकीने दुकानाचं दार उघडलं.' मशीन थांबेपर्यंत तीन चिठ्ठ्या भरल्या होत्या.

नव्याचे नऊ दिवस, असं नवऱ्याला वाटलं आणि खरं सांगू का, मलाही वाटलं. नवा मोबाइल आला तसं लिहिणं बंद पडलंही. मग चार दिवसांनी मीच तो मोबाइल इस्त्रीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि नियम केला. सकाळचं पहिलं मशीन लावलं की त्याचं दार बंद, तेव्हा माझंही बंद. सुचो न सुचो, उठायचं नाही. एके दिवशी अख्खं पान 'चादरी पांढऱ्या, चादरी पांढऱ्या' असंच भरलंय, आणि त्याच पानाच्या तळाशी घड्याळजी अचानक खोकले. त्या खोकल्यातून जे प्रकरण निघालं ते माझं सगळ्यात आवडतं आहे. मशीनची शिट्टी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली ठेवायचं. हे अर्धं वाक्य फार गुणाचं निघालं बघ. दुसऱ्या दिवशी ते पुरं करायला बसलं की पुढचं त्याच्या मागोमाग येतं. नाहीतर आपण! मूड यायची वाट बघत गच्चीवर तासन्‌तास बसायचो आणि शेंगदाणे संपले की घरी जायचो.

चिठ्ठ्यांचा घोळ व्हायचा तो झालाच. लिहिलेली एक चिठ्ठी मी चुकून टोपीवाल्या काकांच्या चादरीला टाचून दिली. हे काका बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त झालेत, एकटेच राहतात, आणि डोक्यावरची टोपी बहुतेक झोपतानाही काढत नसावेत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात हजर. मला वाटलं, डाग राहिला. तर चिठ्ठी पुढे धरून म्हणाले, 'बाई, ही पोरगी बापाला न सांगता पिशवी भरतेय. ती जाते की नाही?' मी म्हटलं, अजून लिहिलं नाही. 'मग लिहा की,' म्हणाले आणि बाकड्यावर बसले. तेव्हापासून रोज येतात. सोबत तीच चादर, धुतलेली, घडी न मोडलेली. ती मशीनमध्ये टाकायची आणि आदल्या दिवशीचं वाचून दाखवायचं. आणखी एखादी चिठ्ठी कुणाच्या कपड्यांबरोबर जाईल या भीतीने मी चिठ्ठ्या सोडून आपली जुनी वही काढली आणि तिच्यातच पुढे लिहायला लागले. उरलेली कोरी पानं तिच्यात भरपूर होती.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. आठवतं ना, सातव्या प्रकरणात तू तिला मोठ्या शहरात शिकायला निघालेल्या बसमध्ये बसवलंस, आणि आठव्यात मी त्या बसला पंक्चर करून तिला घरी परत आणलं. तू किती चिडली होतीस! या वेळीही पिशवी भरून ती बसमध्ये चढली आणि मी पुन्हा पंक्चर केलं. काकांना वाचून दाखवलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, 'पंक्चर झालं तर टायर बदलतात. वीस मिनिटं. माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात आणि बस निघते. ही बाई घरी कशाला परत जाईल?' मी म्हटलं, तिला घरची आठवण आली. ते म्हणाले, 'तिला आली, का तुम्हाला आणायची आहे?' चोराच्या मनात चांदणं. मी चादर मशीनमध्ये कोंबली.

मग मी ते पान खोडून दुसरे उपाय केले. तिचा पाय मुरगळला, तिकीट हरवलं, घड्याळजींना ताप भरला. मी अडथळे आणत होते आणि ती ओठ शिवून बसली होती. अकरा दिवस ती एक वाक्य बोलली असेल तर शपथ. नवऱ्याला रोज माझं तोंड बघून कळायचं. बाराव्या दिवशी इस्त्री बाजूला ठेवून तो म्हणाला, 'जाऊ दे की तिला. तू काय तिची सासू आहेस?' आठ महिन्यांतलं त्याचं एवढंच मत, पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी मशीन लावलं आणि काहीच ठरवलं नाही. नुसतं बघत राहिले की ही आता काय करते. तर तिने आधी दुकानातल्या सगळ्या घड्याळांना किल्ली दिली. मग मी ताप आणून झोपवलेले घड्याळजी स्वतः उठले, आपल्या डोळ्याचं भिंग काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. मी हे ठरवलं नव्हतं गं! मला माहीतही नव्हतं! बापाला सगळं आधीपासून ठाऊक होतं, आणि अडवत होते ती एकटी मी. शिट्टी कधी वाजली ते कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चादरी मशीनमध्येच राहिल्या आणि आंबल्या.

पंक्चर मी हट्टाने ठेवलं, तेवढा हक्क माझाही आहे. पण आता ती खाली उतरली, बाह्या सरसावल्या आणि ड्रायव्हरच्या हातातला पाना घेऊन शेवटचा नट स्वतः आवळला. घड्याळाचे स्क्रू फिरवणारा हात तो, स्वस्थ कसा बसेल? हे वाचलं तेव्हा काकांनी टोपी काढली. भिंगरी, आत चकचकीत टक्कल आहे! नवरा, मी आणि काका, तिघंही वेड्यासारखे हसत होतो, आणि हसता हसता मला कळलं की आता तुला पत्र लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

कारण टायर बदलतात आणि बस निघते, हे काकांचं वाक्य मी आधी वाचलेलं होतं. तू गाव सोडून निघालीस त्याच्या आदल्या दिवशी नववं प्रकरण लिहून वही माझ्या हातात ठेवलीस. अकरा पानं होती. पहिली ओळ होती, 'टायर बदलला आणि बस निघाली.' पुढचं मी वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी, तुझी बस सुटायच्या वेळेला, मी ती अकराही पानं फाडून टाकली. आईला ताप आहे म्हणून स्टँडवर येता येत नाही, असा तुला निरोप पाठवला होता ना? आई ठणठणीत होती, मलाच ओरडत होती की जा, मैत्रिणीला पोचवून ये. मी आले नाही. तू जाऊ नयेस एवढंच मला हवं होतं, आणि ते तोंडाने म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून त्या बिचारीची बस अडवत बसले. मला माफ कर. सोबत आपली वही पाठवते आहे. त्यात अक्षर कुठे वाकडंतिकडं दिसलं तर घाबरू नकोस, मशीन पिळायला लागलं की टेबल थरथरतं. एका पानावर मात्र मशीन बंद होतं. शेवटी चाळीस पानं कोरी आहेत. बस मोठ्या शहराच्या स्टँडवर पोचली आहे, ती पायरीवर उभी आहे, आणि तिथे मी वाक्य अर्धं सोडलंय. त्या शहरात उतरलीस ती तू. मला तिथला पहिला दिवस ठाऊक नाही, आणि खोटा लिहिला तर ती पुन्हा ओठ शिवेल. नववं प्रकरण तुझं होतं, ते तूच लिही, आणि मग वही घेऊन स्वतःच ये. मूड यायची वाट बघू नकोस. काका अजून रोज येतात, आणि त्यांची चादर धुऊन धुऊन इतकी विरली आहे की आता तिच्यातून पलीकडचं दिसतं.

तुझीच,
खुंटी