खारट दुधीचा डबा

बाबा, तुमच्या उपासावर माझा विश्वास नव्हता. आजही पुरता बसलेला नाही. आयुष्यभर नर्सिंग केलं, पेशंट गोळी घेतली म्हणाला तरी मी त्याला जीभ वर करायला लावायचे. असा माझा स्वभाव, आणि तो तुमच्याच घरात तयार झाला.

मला मिरजेला नर्सिंग शिकायला बोलावणं आलं, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तीन दिवस उपास करतो, प्रार्थना करतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगतो." मी तेव्हाच 'नाही' धरून चालले. कारण आपण ख्रिस्ती, आणि खडवलीला मामाचं लग्न हिंदू पद्धतीनं लागणार होतं आणि आईला जायचं होतं, तेव्हाही तुम्ही असाच उपास धरला होता. एका शब्दानं नाही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनंच लुगडं घडी करून ट्रंकेत परत ठेवलं. ते दिवसच तसे होते, कुणीही उठून उपोषणाला बसायचं आणि समोरच्याला नमवायचं. मला वाटलं, बाबा तेच करताहेत, फक्त देवाचं नाव पुढे करून.

पहिल्या दिवशी आईच्या तोंडून बातमी फुटली, आणि शेजारच्या काकू वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी घेऊन दारात हजर.

"आमच्या उपासाला हे चालत नाही हो," आई म्हणाली.

"मग चालतं तरी काय?"

"पाणी."

"अगंबाई, एवढा कडक? पोरीचं लग्न जमत नाही का?"

तुम्ही आत आरशासमोर डोक्याला तेल लावत होतात. आपल्यात उपास चारचौघांना दिसू द्यायचा नाही, तोंड धुऊन रोजच्यासारखं वावरायचं. म्हणूनच कोलशेतच्या कारखान्यात तुम्ही त्या दिवशीही डबा नेलात, स्टोअरमधल्या लोकांनी विचारू नये म्हणून. संध्याकाळी डबा रिकामा परत आला. इथेच माझी सुई अडकली. घरात उपास दाखवायचा आणि कारखान्यात जेवायचं? मग हा उपास देवासाठी नव्हे, माझ्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी डबा मी भरला. दुधीच्या भाजीत मूठभर मीठ टाकलं. संध्याकाळी तुम्ही सायकल लावलीत, डबा ओट्यावर ठेवलात, बायबल घेऊन बसलात. डबा रिकामा, चेहरा कोरा. मी मनात निकाल लावून टाकला: तक्रार कशी करणार, चोरी उघडी पडेल ना. कसली परीक्षा होती ती, तुम्ही काहीही केलं असतं तरी नापासच.

तिसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असतानाच, भर दुपारी मी ट्रंक उचलली. कल्याणहून पुण्याची गाडी धरायची होती. आई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांब गं. सांगतो म्हणालेत ना ते?" मी म्हटलं, "काय सांगणार ते ठाऊक आहे मला." पुढे तुमची पत्रं येत राहिली, प्रकृतीला जप, प्रार्थना चुकवू नकोस. त्या संध्याकाळचा शब्दही नाही. मीही विचारलं नाही.

तुम्हाला माती दिली त्या दिवशी स्टोअरमधले तुमचे एक सोबती कबरस्तानच्या फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "ताई, उपास असला की तुमच्या बाबांचा डबा मीच खायचो. एकदा दुधी इतकी खारट, दोन तांबे पाणी प्यालो. त्यांना सांगितलं तर हसायला लागले. म्हणाले, पोरीनं माझी झडती घेतलीय." मी त्यांच्याकडेही संशयानंच पाहिलं. मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात. पण मिठाचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं, आईलासुद्धा नाही.

म्हणजे तुम्ही तो डबा खाल्ला नव्हता, आणि सगळं कळूनही गप्प राहिलात. ते का, हे मला अजून उलगडत नाही. आईसाठीचा तो उपास कसला होता, तेही नाही. हे पत्र कुठे टाकायचं? राहील तुमच्या बायबलात.

एकच कबूल करते. त्या दुपारी मी तुमच्या 'नाही'ला घाबरून निघाले नाही. त्याच्यासाठी भांडण पाठ करून ठेवलं होतं. तुम्ही 'जा' म्हणाल आणि मीच खोटी ठरेन, अशी मला भीती वाटली.