शिट्टी, पिवळ्या टोप्या आणि आत्या

१० मे, शनिवार

शिट्टी आणलीय! भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, खरोखर शिट्टी आणलीय. लाल दोरीची. वाळूजच्या कंपनीत सेफ्टीच्या खात्यात लागल्यापासून ह्या माणसाला घरचा जिना उतरतानाही 'कठडा धरा' म्हणून ओरडावंसं वाटतं. आता तर सगळं खानदान वॉटर पार्कला निघालंय — म्हणजे त्यांची दिवाळीच!

ग्रुपवर नियम आलेत. जेवल्यावर अर्धा तास पाळण्यात बसायचं नाही. बर्फाचं काही प्यायचं नाही. कापून ठेवलेलं फळ खायचं नाही. मोबाईल भिजतात, म्हणून सगळे लॉकरमध्ये. दंडावर पेनानं भाऊजींचा नंबर. डोक्यावर पिवळ्या टोप्या — कंपनीत उरलेल्या, वर 'सुरक्षा प्रथम' छापलेलं. शिट्टी वाजली की कारंज्यापाशी जमायचं आणि हजेरी द्यायची. मी रोज शाळेत वर्गभर पोरं सांभाळते, शिट्टीशिवाय. पण मला कोण विचारतंय! हे म्हणाले, "दादा म्हणतो ते बरोबरच असंल." हे वाक्य लग्न झाल्यापासून ऐकतेय.

नळाला आठवड्यानं पाणी येतं. आजही आलं नाही. आणि आम्ही पाण्यात डुंबायला पार लोणावळ्याच्या पुढं जाणार. शहाणी माणसं!

१२ मे, सोमवार

आत्यांनाही न्यायचं ठरलंय. आत्या म्हणजे माझी सासू. लासूर स्टेशनला एकट्या राहतात, दोन शेळ्या आणि दारात एक कडुनिंब. मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला आणि दूध करपलं. झालं! भाऊजींनी निदान करून टाकलं. "आईला इसरायला होतंय. ट्रिपला बघू कशी वागती. काय गडबड झाली तर घर बंद, शेळ्या इकायच्या. सहा महिने आमच्याकडं, सहा महिने तुमच्याकडं."

म्हणजे ही सहल नाहीच. परीक्षा आहे! फक्त जिची परीक्षा तिलाच कुणी सांगितलेलं नाही.

आत्यांचं म्हणणं नेहमीचंच. "मला माझं घर बरं." फोनवर मागं शेळी ओरडत होती.

खरं लिहायचं तर मलाही त्या सहा महिने नकोत. हडकोच्या वसाहतीत दोन खोल्या आमच्या. आणि रोजची चौकशी — "भाजीत मीठ टाकलं का नाय?" पण म्हणून कुणाचं घर पार्कातल्या घसरगुंडीवर बसवून ठरवायचं?

१४ मे, बुधवार

आत्या आल्या. एकट्या. गाडीनं. डोक्यावर पिशवी, पिशवीत शेळीच्या दुधात मळलेल्या दशम्या आणि बाटलीभर ठेचा. विसरणाऱ्या बाईनं स्टेशनवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालून घर बरोबर गाठलं. पण हे मार्कात धरलं जाणार नाही!

माझी मोठी जाऊ विशाखा. दशम्या बघून म्हणाली, "अहो, तिथं बाहेरचं खाणं चालत नाही. आत सगळं मिळतं — पास्ता, चायनीज."

आत्या म्हणाल्या, "ते तुमी खावा."

विशाखाबाईंच्या पर्समध्ये हात धुवायच्या जेलच्या तीन बाटल्या आहेत. ह्या घरात मोठी सून आणि मोठा मुलगा अगदी शोधून जुळवलेत.

१६ मे, शुक्रवार

लॉजवर लिहितेय. हात दुखतायत, पण आजचं लिहिलंच पाहिजे.

गेटवर पिशव्या तपासल्या. दशम्यांचं फडकं बाहेर. ठेच्याची बाटली हुंगून गार्ड शिंकला. सगळं ठेवून घेतलं. आत्या पदर सावरून आत गेल्या. पुढं कळलं — निम्म्या दशम्या कमरेला बांधल्या होत्या! टोपी मात्र घातली नाही. "डोक्यावरचा पदर काढून टोपी घालू व्हय?" टोपी पिशवीत गेली. दंडावर नंबर लिहायला भाऊजींनी पेन काढलं, तर तिथं गोंदण. त्यावरच लिहिला. घामानं तासाभरात गोंदण तेवढं उरलं.

जेवण! पावभाजी म्हणून लाल पाणी आणि थंड पाव. पास्ता पोरांनी नाकाशी धरला आणि ठेवला. भाऊजी प्रत्येक ताटाला हात लावून गरम आहे का बघत होते. उकळलेलं पाणी मागितलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चहा घ्या." मग अर्धा तास आम्ही सगळे पिवळ्या टोप्या घालून रांगेत बसून राहिलो. लोक फोटो काढत होते.

तेव्हाच भोंग्यावर ऐकू आलं — "बानाबाई नावाच्या आजी माहिती केंद्रात आहेत. नातेवाईकांनी संपर्क साधावा." थोड्या वेळानं परत. मग परत. मी विशाखाला म्हटलं, "काय लोक असतात बघा! म्हातारी टाकून हे घसरगुंडीवर." विशाखा म्हणाली, "लोकांना मॅनर्सच नाहीत." आम्ही दोघी एखाद्या गोष्टीवर सहमत झालो, असं बहुतेक पहिल्यांदाच घडलं.

अर्धा तास संपला. शिट्टी. हजेरी. भाऊजी नावं घेतायत — "अजिनाथ?" ह्यांनी हात वर केला. "ज्ञानेश्वरी?" मी केला. "आई? ...आई?"

आई नाही! पाय धुऊन येते म्हणाल्या होत्या, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यापाशी आहेत.

मग काय ती धावपळ. फोन लॉकरमध्ये, चावी ह्यांच्या चड्डीच्या खिशात, हे लाटांच्या पाण्यात शोधायला उतरलेले. भाऊजी शिट्टी फुंकत पळत होते, आणि लोक बाजूला होत होते, त्यांना वाटलं पार्काचाच माणूस आहे. पाण्याच्या कडेला मात्र ते थांबले. तोंड पांढरं पडलं होतं. "आई पाण्यात..." एवढंच म्हणाले. तेव्हा मला हसू आलं नाही.

शेवटी माहिती केंद्रात गेलो. आत्या पंख्याखाली बसलेल्या! मांडीवर फडकं, हातात दशमी. माईकवरचा पोरगा वैतागून म्हणाला, "अहो किती वेळ पुकारतोय! बानाबाई, बानाबाई करून घसा बसला."

"बानाबाई कोण?" भाऊजी ओरडलेच. "आई, तुझं नाव गोजरबाई हाय! गोजरबाई! बानाबाई कुठून काढलं?"

आत्यांनी फडक्याची गाठ मारली आणि उठल्या.

परत येताना गाडीत भाऊजी हलक्या आवाजात ह्यांना म्हणाले, "सोताचं नाव इसरली रं. संपलं आता." आणि ह्या माणसाचे डोळे भरले. मला त्यांचा राग करायचा होता, तो नीट करता येईना.

१७ मे, शनिवार

घरी आलो. शेळ्यांना गिऱ्हाईक बघितलंय. एवढी घाई कंपनीत आग लागली तरी करत नसतील.

१८ मे, रविवार

मुंजाबामामा सोयगावहून आंबे घेऊन आले. आत्यांचे धाकटे भाऊ. आत्या आत पडल्या होत्या. भाऊजींनी पार्काची कथा सांगितली, डॉक्टरची तारीख घेतल्याचं सांगितलं. "मामा, सोताला बानाबाई सांगत बसली!"

मामांनी आंबा खाली ठेवला. "मग काय सांगावं तिनं? बानाच हाय ती."

कुणाला कळेना.

"आरं, तुझ्या आज्जीचं नाव बी बाना. सासू-सून एका नावाच्या कशा चालतील? मांडवातच बदललं की. इकडं गोजर झाली. मी तिला आक्का म्हणतो म्हणून तुमच्या कानावर नाय आलं."

दोन दोन मुलगे, एक पन्नाशीचा! सगळ्या कंपनीच्या लोकांचे रक्तगट ह्याला पाठ. आणि आईचं नाव माहीत नाही. मी तरी काय दिवे लावले? रोज वर्गात हजेरी घेते. लग्नात ह्यांना आवडलं म्हणून सुकेशनीची ज्ञानेश्वरी झाले, आणि ह्या बाईचंही काही असेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही. उलट भोंग्यावर ऐकून नाक मुरडलं!

भाऊजींनी आंबा हातात घेतला, परत ठेवला. मग म्हणाले, "पण एवढ्या वर्षांनी तेच नाव का सांगितलं? म्हणजे गोंधळलीच ना!" निर्णय कायम. हे म्हणाले, "दादा म्हणतो ते—"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. सगळ्यांसमोर.

२० मे, मंगळवार

आज सकाळी आत्यांना लासूरच्या गाडीत बसवलं. कुणाला विचारलं नाही. डब्यात बसल्यावर म्हणाल्या, "गोंधळले नव्हते गं मी. एकटी बघून त्या लोकांनी आत नेऊन बसवलं, नाव इचारलं, तर तोंडात बानाच आलं. तुमी समोरच व्हता, पिवळ्या टोप्या काचेतून दिसत व्हत्या. ते पोरगं नाव पुकारत व्हतं. लगीन झाल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. म्हणलं, आजून एकदा घिऊ दे."

मी म्हटलं, भाऊजींनी विचारलं, 'कुणी गाडीत बसवून दिलं?' तर बिनधास्त माझं नाव सांगा.

"कोणतं?" आत्यांनी विचारलं.