‘तुळसा’ या नावाचा वारस

मी देवाजी गोमाजी चहांदे, वय एकोणसत्तर, लेथवरचा टर्नर, आता निवृत्त, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही, म्हणून घाई. हे कोणी माझ्याकडून दबाव आणून लिहवून घेतलेलं नाही. तसा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

कलम १. दोन खोल्या, अंगण आणि पोस्टातलं पुस्तक पत्नी कौसल्या हिचं. ती जिवंत असेतो या घरात तिच्या शब्दाबाहेर खिळासुद्धा ठोकू नये.

कलम २. लेथ आणि सगळी हत्यारं मुलगा रविंद्र याला. कॅलिपर उसना देऊ नये. १९७१ साली आनंदरावांनी नेला, तो अजून यायचा आहे. ते या कागदाला साक्षीदार आहेत, म्हणून इथंच लिहून ठेवतो.

कलम ३. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते कलम हेच, म्हणून जरा लांबेल.

माझी धाकटी बहीण तुळसाबाई १९५९ साली सावनेरजवळ एका शेतात मजुरीला होती. कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात तिचा उजवा हात मनगटापर्यंत गेला. पुढं दोन वर्षं लेथवर मी दुसरं काही धड केलं नाही. यंत्राच्या तोंडावर बसणारी लोखंडी झडप केली. हात नको तितका पुढं सरकला की झडपेला लागतो, खिट्टी पडते, चाक जागीच थांबतं. झडपेला नाव दिलं ‘तुळसा’.

नकाशा फुकट ठेवला. कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, बदललं तर एक कार्ड टाकून कळवावं. हळूहळू आम्ही नऊ जण झालो. कार्डांनी पेटी भरली. ती पेटी कोणा एकाची नाही, वाचायची त्यानं घरी येऊन वाचावी. अट एकच होती. झडपेवर ‘तुळसा’ ठोकायचं, तर घडवणाऱ्यानं आधी दोन माणसांसमोर चालत्या यंत्रात स्वतःचा हात घालायचा. थांबलं, तर नाव ठोका.

काटोलच्या चंपतरावांनी १९६६ साली पातळ पत्र्याची झडप बाजारात आणली. नाव ठोकलं, हात घातला नाही. एका बाईची दोन बोटं गेली. तिनं नाव वाचूनच विश्वास ठेवला होता. चंपतराव, तुम्ही हे कधी वाचलंच तर ध्यानात घ्या, मी विसरलेलो नाही.

मग आम्ही १९६७ साली नावाचा ट्रेडमार्क नोंदवला. आमचं नऊ जणांचं मंडळ कागदावर कुठंच नव्हतं, म्हणून माझं एकट्याचं नाव लावलं. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही की सगळ्यांनी घडवलेल्या वस्तूचं नाव कायद्यानं माझी इस्टेट झालं, आणि मी गेलो की लेथसारखंच मुलाकडं जाणार.

१९८० साली आम्ही नकाशा वाटणं बंद केलं. आता नवी यंत्रं तोंड झाकूनच येतात. आमचं काम झालं. नोंदणी मात्र १९८८ पर्यंत आहे. वकील म्हणतात, वापरात नसलेलं नाव कोणी अर्ज करून काढूनही टाकू शकतो. टाकेल तेव्हा टाकेल.

मागच्या हिवाळ्यात रुपराव मला त्यांच्या सासुरवाडीला घेऊन गेले. काटोलचे हे शेतकरी, पहिला नकाशा त्यांनीच नेला होता. गाव मी कधी पाहिलेलं नव्हतं. गोठ्यात कुट्टी यंत्र, त्यावर झडप. माझीच, आणि माझी नाहीही. खिट्टी डावीकडं, तिला सायकलची स्प्रिंग, खालून लाकडाची कड. कोणी केली, कोणाला ठाऊक नव्हतं. मी यंत्र चालू करायला लावलं आणि हात घातला. माझ्या झडपेपेक्षा लवकर थांबलं.

तेवढ्यात घरची सून, देवकी, कडबा घालायला आली. तिनं झडपेला बोट लावलं आणि म्हणाली, “तुळसे, सांभाळजो वं.”

मी विचारलं, “तुळसा कोण?”

“कोण म्हंजे? म्हणतात जी तसं. माही सासू बी म्हणे.”

आम्ही १९५६ साली देव सोडले. मी कोणापुढं हात जोडत नाही. पण त्या गोठ्यात मीही झडपेला बोट लावलं. एकमेकांना कधी न पाहिलेल्या इतक्या माणसांनी माझ्या बहिणीच्या नावावर भरवसा ठेवून आपले हात पुढं केले होते. हे माझ्या डोक्यात अजून मावत नाही.

आता रविंद्र. तो मळणीचे थ्रेशर विकतो. म्हणाला, “बाबा, वस्तू बंद झाली, पण नाव तर चालून राहिलं ना. थ्रेशरवर टाकू.” थ्रेशर बोटांवर भागवत नाही, अख्खा हात नेतो. मी म्हटलं, “टाक. पहिले हात घाल.” अंगणात यंत्र सुरू झालं. त्यानं बाही वर केली, हात तोंडापर्यंत नेला आणि मागं घेतला. मला राग आला नाही. पोराचा हात शाबूत पाहून बरंच वाटलं. पण नाव त्याला मिळणार नाही.

हे सगळं सांगायला तुळसाकडं गेलो. देवकीचं बोलणंही सांगितलं. ती हसली. “मले देवी नको करू गा दादा. जित्ती आहो मी अजून.” मग जरा थांबून म्हणाली, “नाव माह्यं. मले कधी विचारलं होतं का तुनं?”

तेवीस वर्षांत विचारलं नव्हतं. नऊ जणांपैकी कोणीच नाही. नकाशे छापून आले की त्यांच्या घड्या तीच घालायची, एका हातानं, आमच्या समोर बसून. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

म्हणून ‘तुळसा’ हे नोंदणी केलेलं नाव आणि त्यावरचे माझे सर्व हक्क मी बहीण तुळसाबाई हिला देतो. ती ठेवेल, सोडून देईल, कोणाला वापरू देईल. कोणी आडवं येऊ नये. रविंद्रला थ्रेशरची झडप कधी जमलीच, तर त्यानं आत्याच्या दारात जावं, तिला विचारावं, आणि तिच्यासमोर हात घालावा.

दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथं सही केली आहे. बाकी जे लिहिलं ते कायम.

नागपूर, ता. ११ मार्च १९८४
(सही) देवाजी गोमाजी चहांदे

आमच्या समक्ष सही केली:
१. रुपराव गोतमारे, शेतकरी, काटोल
२. आनंदराव शंभरकर, फिटर, नागपूर (कॅलिपर आज परत मिळाला. दे. गो. च.)

हे नाव माह्यं आहे. आता मले विचारलं. मी घेतलं.
तुळसाबाई, डाव्या हातानं