वरचं दूध

संस्कृतीचे पप्पा,

फोनवर हे बोलता येत न्हाई, आत्याबाई, तुमच्या आई, शेजारीच असतात. तुमी ऊसतोडीला गेल्यावर मला टायफॉइड झाला, दूध आटलं आणि लेकरू डब्याच्या पावडरीवर आलं, एवढं तुमाला माहीत हाय. पुढचं सांगितलं न्हाई.

मी तापात पडलेली, म्हणून दूध आत्याबाईच करायच्या. चमचा शीग लावून भरायच्या, वर आणखी एक टाकायच्या. म्हणायच्या, "असलं पाणचट पिऊन लेकराला बाळसं कसं यायचं?" पोरीचे ओठ सुकले, लघवी होईना, रडायलाही आवाज निघेना. जीपनं केजला नेलं. डॉक्टर म्हणाले, "दूध लई घट्ट होत होतं. उशीर केला असता तर अवघड होतं."

आता पोरगी बरी हाय. पण आत्याबाई तिला हात लावीनात, नीट जेवीनात. पाणी उकळायचं, बाटली उकळायची, उरलेलं फेकायचं, सगळं मीच करते. अंगात जीव न्हाई.

आज त्यांना म्हणलं, "आत्याबाई, तुमीच करा. मी बसते जवळ." त्यांनी प्रत्येक चमचा सुरीनं सपाट केला आणि दर वेळी माझ्याकडं बघितलं. बाटली निवल्यावर दोन थेंब मनगटावर टाकले. ते बघता बघताच माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पोरगी त्यांच्या मांडीवर पिऊन झोपली होती.

तुमी हे वाचलं तर आईला बोलाल. म्हणून धाडत न्हाई.

तुमची,
मंजुषा