घेण्यास नकार

बेलापूर,
१४ नोव्हेंबर १९९७

हन्नाताई,

ख्रिस्तात सलाम. सॅमदाजींनाही सलाम सांग, पोरांना गोड पापा. इकडे आम्ही बरे आहोत. शेवग्याला शेंगा लागल्यात. आईच्या कबरीवरचा क्रूस मीच रंगवला, नाव नीट बसलं आहे.

लग्न होऊन तू सुप्याला गेलीस, त्यानंतरचं माझं हे पहिलंच पत्र. कधी गरजच वाटली नाही. श्रीरामपूरच्या साप्ताहिकात नऊ वर्षं दर शुक्रवारी माझी 'पेंटरच्या घरी' ही चित्रमालिका छापून येते. सहा चौकटींत घरातलं सगळं असतं. मी शिडीवरून पडलो, एंजेलाने नवऱ्यावरचा राग भाकरीवर काढला, आईने चर्चमध्ये पुढच्या बाकड्यावरून भांडण केलं. तुझा अंक संपादकांना सांगून मी टपालाने पाठवायला लावला होता. बायको म्हणायची, ताईंना दोन ओळी लिहा. मी म्हणायचो, चित्रं काढतोय ना.

आईची माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू आलीस. चर्चच्या पंचांनी दाजींच्या कारखान्यात फोन केला, तेव्हा कुठे तुला कळलं. फाटकाला धरून म्हणालीस, "शांत्या, समद्या जिल्ह्याला ठावं हुतं, आई आजारी हाय म्हनून. मलाच का न्हाई?"

मी म्हणालो, "ताई, पेपरात तर होतं."

पाणीही न पिता तू परत गेलीस. तू रडत होतीस आणि फाटकावरची तुझी बोटं चित्रात कशी काढावीत, हे माझ्या मनात येत होतं. माझी मलाच किळस आली, पण आलं होतं खरं.

जिल्ह्याला ठाऊक होतं, हेही खरंच. आधी आईचा खोकला काढला, मग सलाईनची बाटली. कधी नव्हे इतकी पोस्टकार्डं आली. देवळाली प्रवऱ्याहून बनुबाई नावाची म्हातारी एसटीने अंडी घेऊन आली. तिला वाचता येत नाही, नुसती चित्रं बघते. म्हणाली, "पेंटर, तुजी आय पेपरात लई वाळल्याली दिसती, म्हनून आले." मला इतका आनंद झाला की पुढच्या शुक्रवारी बनुबाईलाही काढलं.

आता मातीचं चित्र बघून हीच प्रेमळ माणसं लिहितात, लेक मातीलासुद्धा आली नाही, कसली दगडाची लेक! एका राधाकृष्ण गुरुजींनी तर कळवलं आहे की अशा मुलीला यापुढे चित्रात दाखवू नये. प्रत्येक कार्डाला उत्तर देणारा माणूस मी. या कार्डांपुढे गप्प बसलो आहे.

कारण तू का आली नाहीस ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी सासरी भांडून तू आठ दिवस इथे राहिलीस. भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. जाताना म्हणालीस, "यातलं कायबी काढू नगंस." मी काढलं. साडीचा रंग बदलला होता, असं मी नंतर तुला सांगितलं. पेपर काळा-पांढरा, ताई. तुझ्या सासूने तो अंक शेजारणींना दाखवला, हे मला दाजींकडून कळलं.

त्यानंतर महिन्याभरात तुझा अंक परत आला. वेष्टनावर पोस्टमनने लाल शाईत लिहिलं होतं, घेण्यास नकार. संपादकांनी वाचकांच्या कार्डांबरोबर तो माझ्या हातात दिला. मी तो रंगाच्या डब्यांमागे टाकला आणि कुणाला बोललो नाही. म्हणजे तू वाचत नाहीस, हे मला ठाऊक होतं. दाजींच्या कारखान्याचा नंबर माझ्या खिशातल्या पाकिटात होता. फोनचं दुकान आपल्याच गल्लीत आहे, त्याची पाटी मीच रंगवली आहे. पण आपण होऊन फोन करायचा म्हणजे आधी माफी मागायला लागली असती.

आई रोज विचारायची, "हन्नीला कळिवलं का रं?" मी म्हणायचो, कळवलं. एकदा तर अंकच तिच्यापुढे धरला, हे बघ, छापूनही आलंय. ती म्हणाली, "मंग येईलच ती." तेव्हापासून दाराकडे तोंड करून झोपू लागली. मी तेही काढलं. संपादक म्हणाले, पेंटर, आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र.

सोबत सहा चौकटी आहेत. लाल शाईचं वेष्टन, पाकिटातला नंबर, आई विचारते आहे आणि मी खोटं बोलतो आहे. तुझा चेहरा कुठेच नाही, पण तुझ्याशिवाय ही गोष्ट सांगताही येत नाही. तुझ्यावरचा बोल पुसायचा तर पुन्हा तुलाच चव्हाट्यावर आणावं लागतं. मागे तू नको म्हणालीस ते मी ऐकलं नाही, म्हणून आता तूच ठरव. छापायचं असेल तर संपादकांचा पत्ता मागे लिहिला आहे. नसेल तर चुलीत घाल. मग लोक तुला दगडाची म्हणत राहतील आणि मला भला माणूस. तू ठरवेपर्यंत मी एक चौकटही काढणार नाही.

पाकीट रजिस्टर केलं आहे. तेही परत आलं, तर त्यावरचा शेरा या खेपेला दर्शनी भिंतीवर लावीन.

आईशी खोटं बोललेला,
तुझा धाकटा भाऊ
शांतवन